मॉडची झिप फुटत नाही? आधी ‘टेस्ट’ दाबा

“दादा, मॉड उतरला, पण फुटूनच नाही राहिला.”

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरमध्ये नुकतं पाणी ओतून झालंय, आणि दाराची बेल वाजते ती नेमकी या वाक्यासाठी. उन्हात बाहेर पडायची बंदी, म्हणून गल्लीतले सगळे पोट्टे कॉम्प्युटरला चिकटलेले, आणि प्रत्येकाला आपल्या खेळात मॉड, म्हणजे कुणीतरी बनवलेली जास्तीची भर, घालायची असते. एकाला युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये लालपरी चालवायची असते, दुसऱ्याला जीटीए सॅन अँड्रियासमध्ये बुलेट हवी असते, तिसरा स्कायरिममधल्या गावाला नवीन झाडं लावत बसलेला असतो. खेळ निराळे, पण अडतात सगळे एकाच उंबऱ्यावर. झिप किंवा रार, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेला एकच गठ्ठा, उघडताना इंग्रजीत काहीतरी लांबलचक येतं, ते न वाचता ओके दाबलं जातं, फाइल पुन्हा डाउनलोड होते, पुन्हा तेच. दीड जीबीची फाइल दोनदा उतरवून दिवसाचा डेटा संपला की मग माझी आठवण होते.

(आमच्या गल्लीत झिप ‘उघडत’ किंवा ‘एक्स्ट्रॅक्ट करत’ नाहीत, ‘फोडतात’. मीही इथे तोच शब्द वापरणार आहे.)

मॉड कोणता घ्यावा, कोणता चांगला, हा या लेखाचा विषय नाही. डाउनलोड झालेली फाइल गेमच्या फोल्डरात नीट पोहोचेपर्यंत काय काय अडतं आणि ते कसं सोडवायचं, एवढंच. कॉम्प्युटर विंडोजचा धरला आहे. फोनवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

बिघाड कुठे आहे, हे आधी ठरवा

एरर आली की पोट्टे एका दमात पाच गोष्टी करतात: अँटिव्हायरस बंद, फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर, नवीन सॉफ्टवेअर, पुन्हा डाउनलोड, शेवटी विंडोज फॉरमॅट करायच्या गप्पा. याला आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी म्हणतात. बिघाड बहुधा तीनपैकी एका ठिकाणी असतो. फाइलच अर्धवट किंवा खराब आली आहे; फाइल चांगली आहे पण फोडणारं सॉफ्टवेअर जुनं आहे; किंवा दोन्ही ठीक आहेत, पण जिथे फोडताय ती जागा फाइल घ्यायला तयार नाही. तिन्हींवरचे उपाय एकमेकांच्या काही कामाचे नाहीत, म्हणून आधी निदान.

ते कशाच्या आधारावर होतं, ते समजायला गठ्ठ्याची रचना थोडी माहीत हवी. झिप हा प्रकार १९८९ मध्ये फिल कॅट्झने आणला. रार १९९३ मध्ये आला. त्यातला ‘आर’ म्हणजे तो बनवणारा युजीन रोशल. सेव्हन-झिप १९९९ पासून इगोर पावलोव्ह फुकट देतो आहे. तिघांची पद्धत वेगळी, पण एक गोष्ट समान: गठ्ठा बांधताना आतल्या प्रत्येक फाइलवर हिशोब करून एक आकडा काढतात आणि तो सोबत लिहून ठेवतात. समजा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची पेटी आली आणि भरणाऱ्याने वर नगांचा आकडा लिहिला आहे. उतरवणारा मोजतो. जुळलं तर ठीक, नाहीतर वाटेत काहीतरी घडलं. त्या आकड्याला सीआरसी म्हणतात. नग मोजण्यापेक्षा तो बराच कडक असतो, कारण त्याला ४२९ कोटींहून जास्त किमती असू शकतात. एखादा बिट जरी उलटला तरी आकडा बदलतो.

ही मोजणी फाइल कुठेही न फोडता करता येते, आणि तिथेच अर्धं निदान होतं.

पायरी पहिली: हत्यार

सेव्हन-झिप त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीतून घेऊ नका, तिथे नकली डाउनलोड बटणांचा सुळसुळाट असतो. विनरार असेल तर तेही चालेल, ४० दिवसांची चाचणी संपल्यावर ते विकत घ्या म्हणत राहतं एवढंच. मात्र दोन्हींपैकी एकही आपणहून अपडेट होत नाही. पोरांच्या मशिनवर मला पाच-सहा वर्षं जुनं विनरार सर्रास सापडतं. हे नुसतं गैरसोयीचं नाही. फसवी रार किंवा झिप उघडली किंवा फोडली की मशिनमध्ये दुसरंच काही शिरेल अशी भोकं विनरारमध्ये सापडली आहेत. एक ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ आवृत्तीने बुजवलं, दुसरं जुलै २०२५ मध्ये ७.१३ ने. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर मॉडचं नंतर बघू, आधी अपडेट करा.

विंडोज ११ ला २०२३ च्या शेवटापासून रार आणि सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार) फाइली स्वतःच उघडता येतात, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर कशाला असं वाटू शकतं. पण पासवर्ड असलेल्या गठ्ठ्यांशी त्याचं जमत नाही, आणि अडलं की ते ‘अनस्पेसिफाइड एरर’ म्हणून एक कोड फेकतं. म्हणजे, काहीतरी झालं, काय ते विचारू नका. सेव्हन-झिप निदान सांगतो तरी.

पायरी दुसरी: टेस्ट

फाइलवर राइट क्लिक करा. विंडोज ११ असेल तर ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जा. तिथे सेव्हन-झिपच्या यादीत ‘टेस्ट आर्काइव्ह’ आहे. ते दाबा आणि थांबा. सेव्हन-झिप सगळा गठ्ठा मेमरीत उलगडून आकडे जुळवून बघतो, डिस्कवर काहीच लिहीत नाही. शेवटी ‘देअर आर नो एरर्स’ आलं, तर फाइल चांगली आणि सॉफ्टवेअरही चांगलं. दोष जागेत आहे. मग पुन्हा डाउनलोड करण्यात एक एमबीही घालवू नका, थेट ‘जागेची भांडणं’ या भागावर जा.

टेस्टमध्येच एरर आली, तर उलट. मग ती फाइल सी ड्राइव्हवर फोडा की डी वर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून फोडा की अँटिव्हायरस बंद करून, काही फरक पडणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

टेस्ट नापास: फाइलचे रोग

पहिला आणि सगळ्यात हसवणारा रोग: ‘कॅनॉट ओपन फाइल अ‍ॅज आर्काइव्ह’. म्हणजे हा गठ्ठाच नाही. आधी आकार बघा. मॉड ८०० एमबीचा असायला हवा आणि तुमची फाइल ४० केबीची असेल, तर तुम्ही मॉड नव्हे, वेबपेज उतरवलं आहे. लिंकची मुदत संपली की किंवा लॉगिन नसेल की काही साइटा ‘माफ करा’ असं पानच फाइलच्या नावाने पाठवतात. खात्री करायची तर ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वरतीच कोनांच्या कंसात एचटीएमएल दिसलं की समजा.

त्याचबरोबर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, आणि कायम चालू ठेवा. विंडोज नावाच्या शेवटची ही शेपटी लपवतं, आणि त्या लपण्यात खूप गोंधळ आहे. नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ असेल तर क्रोमचं डाउनलोड अजून अर्धंच आहे. नाव बदलून झिप केल्याने ते पूर्ण होत नाही. आणि ‘बस मॉड झिप’ असं दिसणाऱ्या फाइलची खरी शेपटी ‘ईएक्सई’ निघाली, तर तिला हात न लावता पुसा.

दुसरा रोग: ‘अनएक्स्पेक्टेड एंड’. फाइल मध्येच तुटली. वीज गेली, राउटर बंद पडला, हॉटस्पॉट देणाऱ्या भावाचा फोन आला, काहीही. कधीकधी ब्राउझर अशा तुटलेल्या डाउनलोडलाही ‘पूर्ण’ म्हणतो. यात एक गंमत आहे, तिने बरेच जण फसतात. झिपमध्ये आत काय काय आहे त्याची यादी गठ्ठ्याच्या अगदी शेवटी असते, म्हणून तुटलेली झिप बहुधा उघडतच नाही. रारमध्ये प्रत्येक फाइलची माहिती तिच्या आधीच लिहिलेली असते, म्हणून तुटलेली रार झोकात उघडते, यादी दाखवते, निम्म्या फाइली देतेही, आणि मग फसते. “दादा, ६० टक्के तर होऊन राहिलं ना!” असं म्हणणाऱ्याची फाइल बहुतेक रार असते. ते ६० टक्के गेमच्या फोल्डरात टाकू नका. गाडी दिसेल पण चाकं नसतील, नाहीतर गेम सुरू होतानाच बंद पडेल, आणि मग दोष गेमला लागेल.

तिसरा, खरा त्रास देणारा: ‘सीआरसी फेल्ड’ किंवा ‘डेटा एरर’. लांबी पूर्ण आहे, पण आतलं काही बदललं आहे. सेव्हन-झेड आणि रारमध्ये अनेक फाइली एकजीव करून दाबायची पद्धत आहे, तिला सॉलिड म्हणतात. त्यात एक जागा नासली तर तिच्या पुढचं सगळं हातचं जातं. म्हणून एरर कधी एका फाइलवर येते, कधी दोनशे फाइलींवर. दोनशे ओळी बघून घाबरायचं कारण नाही, जखम एकच असू शकते.

इथे मात्र डोळे मिटून पुन्हा डाउनलोड करू नका. एकदाच करा, आणि शक्य तर दुसऱ्या नेटवरून: घरचं वायफाय असेल तर फोनचा डेटा, किंवा मित्राकडचं. पहिली फाइल पुसू नका. मग दोन्ही फाइलींवर राइट क्लिक करून ‘सीआरसी एसएचए’ या यादीतून ‘एसएचए-२५६’ काढा. ६४ अक्षरांची एक ओळ मिळेल, ती त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. सुरुवातीची पाच-सहा आणि शेवटची पाच-सहा अक्षरं जुळवली तरी पुरतं.

दोन्ही ठसे सारखे आणि दोन्ही फाइली नापास? मग तुमचं नेट निर्दोष आहे. मॉड बनवणाऱ्यानेच चढवताना खराब फाइल चढवली. शंभर वेळा उतरवली तरी तीच येणार. त्याला ठशासकट कळवा आणि जुनी आवृत्ती असेल तर ती घ्या. ठसे वेगळे आले, तर वाटेत किंवा तुमच्या मशिनमध्ये काहीतरी बिघडलं आहे, आणि दुसरी फाइल पास झाली असेल तर काम झालं.

आता तिसरी शक्यता, जिच्यामुळे मी दोन रविवार घालवले. भाच्याच्या असेम्बल केलेल्या मशिनवर एकच फाइल तीनदा टेस्ट केली, तर तिन्ही वेळा एरर वेगवेगळ्या जागी. एकदा गाडीच्या दारावर, एकदा आवाजाच्या फाइलवर, एकदा भलतीकडेच. फाइल तर तीच आहे, ती तीन ठिकाणी कशी बिघडेल? म्हणजे मोजणाराच चुकत होता: रॅम. त्याहून मजा म्हणजे सकाळी सहाला तीच फाइल बिनतक्रार फुटायची आणि दुपारी दोनला नाही. नागपूरचा मे आहे तो. २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि भाच्याचं मशिन गच्चीखालच्या खोलीत, भिंतीला चिकटून. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून चालवलं, तिथे दोष दिसला. मशिन बंद करून, वायर काढून, रॅमच्या पट्ट्या काढल्या, सोनेरी दात खोडरबराने पुसले, एकेक पट्टी लावून टेस्ट केली. शेवटी बायोसमधलं (मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवण्याची सोय, बंद केल्यावर प्रश्न मिटला. “मामा, पण मग रॅम स्लो नाही होत का?” होते. चुकीचं वेगाने मोजण्यापेक्षा बरं.

पेन ड्राइव्हवरून आलेल्या फाइलींचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे निम्मे मॉड मित्राकडूनच येतात. जुना पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. (ती मर्यादा बाइटमध्ये मोजली तर तेच ४२९ कोटी येतात. योगायोग नाही, दोन्हीकडे ३२ बिटच आहेत.) ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की हा प्रश्न संपतो. दुसरं म्हणजे नकली ड्राइव्ह. बर्डीवर फूटपाथवरून मी एकदा १२८ जीबीचा म्हणून अगदी स्वस्तात घेतला होता. विंडोजही १२८ दाखवायचं. आत खरी जागा त्याच्या पासंगालाही नव्हती; ती भरली की पुढचं सगळं तो गिळायचा आणि तोंडाने ‘कॉपी झाली’ म्हणायचा. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून, परत वाचून खरी जागा सांगतं. आणि ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा, हे घाईत कुणी करत नाही.

बाकीचे रोग किरकोळ आहेत. ‘पार्ट १’, ‘पार्ट २’ किंवा ‘००१’, ‘००२’ अशा तुकड्यांत आलेली फाइल असेल तर सगळे तुकडे एका फोल्डरात, मूळ नावांनी ठेवा आणि फक्त पहिला फोडा. बाकीचे आपोआप जोडले जातात. ब्राउझरने एखाद्या तुकड्याच्या नावात कंसात १ घातला असेल तर तो काढा, नाहीतर पुढचा तुकडा सापडत नाही म्हणेल. ‘अनसपोर्टेड मेथड’ आलं तर सॉफ्टवेअर जुनं आहे, पहिल्या पायरीवर परत जा. एनक्रिप्टेड फाइलमध्ये सीआरसी चुकला असं आलं तर फाइल नव्हे, पासवर्ड चुकलेला असू शकतो. कॉपी करताना मागे एक रिकामी जागा चिकटून येते, म्हणून हाताने टाइप करा.

पासवर्डवरून आठवलं. मॉडला ‘१२३४’ असा पासवर्ड आणि सोबत ‘अँटिव्हायरस बंद करून फोडा’ अशी सूचना, ही जोडी दिसली की मी तिथेच थांबतो. पासवर्ड लावलेल्या गठ्ठ्याच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, आणि पासवर्ड शेजारीच लिहिला असेल तर तो दुसऱ्या कुणापासून लपवायला नाही हे उघड आहे.

जागेची भांडणं

टेस्ट पास, तरीही फुटत नाही. आता हे करा: डी ड्राइव्हवर थेट, कुठल्याही फोल्डरात नाही, ‘एम’ एवढ्याच इंग्रजी नावाचं फोल्डर बनवा. डी नसेल तर सी वर. मॉड नेहमी आधी तिथे फोडायचा आणि मग आतून लागेल तेवढं गेममध्ये न्यायचं. ही एक सवय लावली तरी या भागातल्या तक्रारी मोजक्याच उरतात.

असं का, तर पहिलं कारण लांबी. विंडोज पत्त्यासाठी साधारण २६० अक्षरं धरून चालतं, आणि त्यात ड्राइव्हपासून शेवटच्या फाइलच्या शेपटीपर्यंत सगळं मोजलं जातं. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’, त्यात डाउनलोडचं पन्नास अक्षरी नाव, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ दाबल्यावर त्याच नावाचं आणखी एक फोल्डर, आत मॉडवाल्याने ठेवलेलं तेच तिसऱ्यांदा. टेक्सचरपर्यंत पोचायच्या आतच अक्षरं संपतात. सेव्हन-झिप लांब पत्ते पुष्कळदा निभावून नेतो, पण मग तेच फोल्डर एक्सप्लोररमधून पुसता येत नाही आणि गेमला वाचता येईलच असं नाही. नाव इंग्रजीत ठेवा म्हणतो ते यासाठी, की सॅन अँड्रियाससारखे जुने खेळ आणि त्यांची टूल्स देवनागरी अक्षरं आली की अडखळतात. मराठीवरचं प्रेम इथे दोन मिनिटं बाजूला.

दुसरं, ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये विंडोज कुणालाही सहज लिहू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. स्टीमवर खेळ असेल तर सेटिंग्जच्या ‘स्टोरेज’मध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर नवीन लायब्ररी बनवून खेळ तिकडे हलवा, कायमचं सुटेल. गेम किंवा त्याचा लाँचर मागे चालू असेल तरी जुनी फाइल बदलता येत नाही. तो आधी बंद करा. आणि विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ कुणी चालू केलं असेल, तर डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी सॉफ्टवेअरला लिहायला मनाई असते. युरो ट्रकचं मॉड फोल्डर नेमकं डॉक्युमेंट्समध्येच आहे. सगळं बंद करू नका, सेव्हन-झिपला तेवढी परवानगी द्या.

डॉक्युमेंट्सचं आणखी एक दुखणं म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची नेटवर फाइली साठवायची सोय. नवीन लॅपटॉपवर ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेतं, फुकटात ५ जीबी जागा देतं, आणि तुमचे ट्रक ढगात पाठवत बसतं. बसच्या मॉडचा बॅकअप कुणाला हवाय? वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून डॉक्युमेंट्सचा बॅकअप थांबवा. थांबवल्यावर फाइली कुठल्या जागी राहिल्या ते एकदा तपासा, नाहीतर “माझे सगळे मॉड गेले” म्हणून पुन्हा माझी बेल वाजेल.

जागा संपली असेल तर हिशोब साधा आहे: गठ्ठा आणि फुटलेलं, दोन्ही एकाच वेळी मावलं पाहिजे. पण एक छुपं कारण आहे. सेव्हन-झिपच्या खिडकीतून फाइली ओढून दुसऱ्या फोल्डरात टाकल्या, तर त्या आधी सी ड्राइव्हच्या टेम्पमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फोल्डरात फुटतात आणि मग तिकडे जातात. डी वर २०० जीबी मोकळे असले तरी सी भरलेला असेल तर ‘जागा नाही’ येतं. म्हणून ओढू नका, ‘एक्स्ट्रॅक्ट’ बटण दाबून पत्ता द्या.

राहिला अँटिव्हायरस. फुटताना एखादी डीएलएल (प्रोग्रामला जोडला जाणारा कोड असलेली) फाइल डोळ्यांदेखत गायब होते, किंवा एररमध्ये ‘व्हायरस’ शब्द येतो. मॉडमधल्या काही डीएलएल खेळ सुरू होताना मध्ये शिरून त्याचं वागणं बदलतात, आणि व्हायरसही हेच करतात, त्यामुळे खोटा इशारा येऊ शकतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. फोनवर सगळ्यांनी फिरवलं, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. म्हणून थर्मामीटर फेकून देत नाही आपण, दुसऱ्या केंद्राचा आकडा बघतो. इथेही तसंच. ती एक डीएलएल व्हायरसटोटल या साइटवर चढवा. तिथे अनेक अँटिव्हायरस एकदम तपासतात. एकदोघांनीच मोघम नावाने हरकत घेतली आणि मॉड जुना, हजारोंनी वापरलेला असेल, तर फक्त त्या फोल्डरला सूट द्या. मोठ्या नावांनी एकमुखाने लाल दाखवलं, तर लालपरी राहू द्या.

फुटलं, पण खेळात दिसत नाही

यात एरर येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ जातो. तीन गोष्टी बघा.

जे फोडायचं नव्हतं तेच फोडलं का? युरो ट्रकची ‘एससीएस’ शेपटीची फाइल आणि माइनक्राफ्टची ‘जार’ फाइल तशीच्या तशी मॉडच्या फोल्डरात ठेवायची असते. माइनक्राफ्टचे रिसोर्स पॅक झिपमध्ये असले तरी न फोडता चालतात. विनरार असलेल्या मशिनवर जारवरही पुस्तकांच्या गठ्ठ्याचं चित्र येतं, आणि चित्र दिसलं की पोट्टे फोडतातच.

फोल्डरात फोल्डर झालं का? स्कायरिममध्ये ‘डेटा’च्या आत पुन्हा ‘डेटा’ बसला तर खेळ आतल्याकडे ढुंकूनही बघत नाही. गठ्ठा फोडण्याआधी उघडून आत कुठपर्यंत काय आहे ते बघा आणि गेमच्या फोल्डराशी पातळी जुळवा. मॅकवर बांधलेल्या झिपमध्ये ‘मॅकओएसएक्स’ नावाचं जास्तीचं फोल्डर असतं, ते पुसलं तरी चालतं. व्हॉर्टेक्स किंवा मॉड ऑर्गनायझर ही मॉड बसवून देणारी सॉफ्टवेअर वापरत असाल तर हाताने फोडूच नका, गठ्ठा जसाच्या तसा त्यांच्याकडे द्या. व्हॉर्टेक्स सहसा हार्डलिंकने (एकाच फाइलला दोन पत्ते देऊन) काम करतो, त्यासाठी त्याचं स्टेजिंग फोल्डर, म्हणजे मॉड साठवायची जागा, आणि गेम एकाच ड्राइव्हवर लागतात.

आणि विंडोजने कुलूप घातलं का? नेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं; एक्सप्लोररने फोडलं तर तो आतल्या फाइलींनाही लागतो, आणि डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्रणालीवर लिहिलेले काही मॉड त्यामुळे चालत नाहीत. खात्रीच्या जागेवरून घेतलेला असेल तर गठ्ठ्यावर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये खाली ‘अनब्लॉक’वर टिक करा, आणि मग पुन्हा फोडा.

गेमच्या मूळ फाइलवर नवीन फाइल बसवण्याआधी जुनी एका बाजूला कॉपी करून ठेवा. विसरलात आणि खेळ स्टीमचा असेल, तर ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी’ मूळ फाइली परत आणतं.

फोनवाले

बस सिम्युलेटर इंडोनेशियात आपल्या एसटीची रंगरंगोटी करणारे फोनवाले आमच्याकडे कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा जास्त आहेत. फोडायला झेडआर्काइव्हर चांगलं आहे, आणि त्यातही टेस्टची सोय आहे, नियम तोच. फरक एवढाच की अँड्रॉइड ११ पासून ‘अँड्रॉइड’च्या आतल्या ‘डेटा’ फोल्डरात दुसऱ्या अ‍ॅपला सरळ लिहिता येत नाही. तिथे फोडायला गेलात तर परवानगीची एरर येणारच, फाइल कितीही चांगली असो. आधी डाउनलोडमध्ये फोडा, मग गेम जिथून मॉड उचलतो तिथे न्या. आणि फोनमध्ये दोन-तीन जीबी मोकळे ठेवा, लग्नाचे व्हिडिओ कुठेतरी हलवून.

इतकं करूनही अडलात तर या, पण संध्याकाळी सहानंतर, आणि हे घेऊन या: एररच्या पूर्ण खिडकीचा फोटो, फाइलचा आकार, टेस्टचा निकाल, सॉफ्टवेअरची आवृत्ती. परवा एक जण नुसताच आला. काय एरर येते म्हटलं, तर म्हणाला, “दादा, लाल येऊन राहिली.”